प्रायमरीतला पेपरचा पाठिंबा: कसा वाचायचा, किती मनावर घ्यायचा

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष जवळ आलं की आयोवातला 'डे मॉइन रजिस्टर' आणि न्यू हॅम्पशायरमधला 'युनियन लीडर' या एरवी आपल्या राज्याबाहेर फारसं कोणी न वाचणाऱ्या पेपरांची नावं एकदम टीव्हीवर दिसायला लागतात. 'अमुक पेपरचा तमुक उमेदवाराला पाठिंबा' अशी बातमी येते, ती महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, आणि नुकतंच नागरिकत्व मिळालेला एखादा भाबडेपणाने विचारतो, "म्हणजे आता हाच जिंकणार का?" हा लेख अशांसाठी आहे. पहिल्यांदाच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात, मत देणार असाल, किंवा पुण्यात-नागपुरात बसून अमेरिकेची निवडणूक वाचत असाल, तरी चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाठिंब्याच्या अग्रलेखात छापलेलं नाव हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा भाग. ते नाव ठरवण्यासाठी पेपरवाल्यांनी उमेदवारांना जे प्रश्न विचारले, आणि ज्यांना पाठिंबा दिला नाही त्यांच्याबद्दल जे लिहिलं, ते खरं वाचण्यासारखं असतं. तिथपर्यंत कसं पोहोचायचं ते क्रमाने बघू.

पायरी १: पेपर उघडण्याआधी स्वतःची नोंदणी बघा

मत फक्त नागरिकांना. ग्रीन कार्डवर असाल तर अग्रलेख हवे तेवढे वाचा, पण मतदार नोंदणीच्या अर्जावर सही करू नका. लायसन्स काढायला गेल्यावर खिडकीवरचा माणूस 'मतदार म्हणूनही नोंदवू का?' असं सहज विचारतो आणि लोक सहज 'हो' म्हणून बसतात. ती एक सही पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा हे मतदारांनी ठरवायचं. आपल्याकडे तिकीट दिल्लीत नाहीतर मुंबईत वाटलं जातं, इथे ते राज्याराज्यांतल्या मतपेटीतून मिळवावं लागतं. त्यात कोणाला भाग घेता येतो याचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये त्या पक्षाचा सदस्य म्हणून आधीच नोंद हवी. २०१६ साली खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं, इव्हान्का आणि एरिक, यांनी पक्षनोंदणीची मुदत चुकवली आणि वडिलांना न्यूयॉर्कच्या प्रायमरीत मत देऊ शकली नाहीत. टेक्ससमध्ये पक्षनोंदणी हा प्रकारच नाही. मतदान केंद्रावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. न्यू जर्सीत कोणत्याच पक्षात नसाल तर त्याच दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. कॅलिफोर्नियात अपक्ष मतदाराला डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागून घेता येते, रिपब्लिकन नाही.

हे सगळं आधी बघायचं कारण असं, की पाठिंबा पक्षनिहाय येतो. एकच पेपर डेमोक्रॅट्समधला एक आणि रिपब्लिकन्समधला एक अशी दोन नावं देऊ शकतो. ३० जानेवारी २०१६ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिलरी क्लिंटन आणि ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक या दोघांना पाठिंबा दिला. याचा अर्थ टाइम्सला केसिक अध्यक्ष व्हायला हवे होते असा होत नाही. रिपब्लिकनांच्या रांगेत त्यातल्या त्यात बरा हाच, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. केसिक त्या वर्षी एकच राज्य जिंकले: स्वतःचं ओहायो. तेव्हा बातमीचा मथळा वाचताना पहिला प्रश्न हा, की हा पाठिंबा तुमच्या मतपत्रिकेवरच्या पक्षाचा आहे का?

पायरी २: लिहिलंय कोणी ते बघा

अमेरिकन पेपरांत बातम्यांचा विभाग आणि मतांचा विभाग वेगळे असतात. पाठिंबा देतं ते संपादकीय मंडळ. त्यात मतांच्या पानाचा संपादक आणि काही अग्रलेखकार असतात, आणि पुष्कळ ठिकाणी प्रकाशकही बसतो. प्रचारसभेत हिंडणाऱ्या बातमीदाराला या निर्णयात विचारत नाहीत. तो आदल्या संध्याकाळपर्यंत तुमच्याइतकाच अंधारात असू शकतो. म्हणून 'या पेपरने पाठिंबा दिलाय, आता याच्या बातम्या एकतर्फी असणार' हे गृहीत धरू नका. तसंच नावाजलेल्या स्तंभलेखकाचा लेख म्हणजे पेपरचा पाठिंबा नव्हे. वर लेखकाचं नाव आणि फोटो असेल तर ते त्याचं वैयक्तिक मत. 'संपादकीय मंडळ' असं लिहिलं असेल तर ते पेपरचं.

मग मालक बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एप्रिल २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर'ने ट्रम्पना पाठिंबा दिला. त्या पेपरचे मालक होते जॅरेड कुशनर, ट्रम्प यांचे जावई. नेवाडात त्याआधी काही महिने, डिसेंबर २०१५ मध्ये, 'लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल' विकला गेला, पण कोणी घेतला हे जाहीर झालं नाही. त्याच पेपरच्या बातमीदारांनी खोदकाम करून कॅसिनोसम्राट शेल्डन ॲडेल्सन यांच्या कुटुंबाचं नाव छापलं. ॲडेल्सन हे रिपब्लिकनांचे मोठे देणगीदार. दोन महिन्यांत नेवाडाचं रिपब्लिकन कॉकस (मतपेटीऐवजी पक्षाच्या सभांत जमून उमेदवार निवडायची पद्धत) आलं आणि पेपरने मार्को रुबिओंना पाठिंबा दिला. मालकाने सांगितलं म्हणूनच दिला असं मी म्हणत नाही, पण ही पार्श्वभूमी माहीत असलेला वाचक तो अग्रलेख वेगळ्या नजरेने वाचणार. (जिंकले ट्रम्प, तेही मोठ्या फरकाने.)

उलट टोकाचं उदाहरणही आहे. २०२० च्या वेळी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मतपानांचे प्रमुख होते जेम्स बेनेट. त्यांचे सख्खे भाऊ सिनेटर मायकल बेनेट डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत होते. जेम्स बेनेट त्या सगळ्या प्रक्रियेतून बाजूला झाले आणि काम उपप्रमुख कॅथलीन किंग्सबरी यांनी सांभाळलं. असं बाजूला होणं पेपर स्वतःहून छापून सांगतो तेव्हा विश्वास थोडा वाढवायला हरकत नाही.

महाराष्ट्रातल्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीतलं 'पेड न्यूज' प्रकरण आठवणाऱ्यांना इथे शंका येणारच: पैसे घेऊन लिहितात का? अमेरिकेत पाठिंब्याचा अग्रलेख ही जाहिरात नसते. निवडणूक खर्चाच्या संघीय कायद्यात बातम्या, टीका आणि अग्रलेख यांना सूट आहे. पेपर पक्षाच्या किंवा उमेदवाराच्याच मालकीचा नसेल तर अग्रलेख देणगी म्हणून मोजला जात नाही. मतदानाच्या दिवशीसुद्धा असा अग्रलेख छापता येतो. १९६२ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात एका संपादकाला मतदानाच्याच दिवशी अग्रलेख छापल्याबद्दल अटक झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६६ मध्ये न्यायालयाने तसा कायदा घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडच्या ४८ तासांच्या प्रचारबंदीची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटतं. तेव्हा मतदानाच्या सकाळी पेपरात एखाद्याचं नाव दिसलं तर दचकू नका.

पायरी ३: मुलाखत शोधून काढा

पाठिंबा देण्याआधी उमेदवाराला संपादकीय मंडळापुढे बसवायची जुनी पद्धत आहे. लांबट टेबल, पाच-दहा माणसं, तास-दीड तास प्रश्न. समोर टाळ्या वाजवणारं कोणी नसतं, प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारून वेळ मारून नेता येत नाही आणि 'ते कसं करणार?' हा प्रश्न तीनदा विचारता येतो. टीव्हीवरच्या वादविवादात उमेदवाराला उत्तर द्यायला मिनिटभर मिळतं; इथे त्याला पळायला जागा नसते. बरेच पेपर या भेटीची ध्वनिफीत, चित्रफीत किंवा शब्दशः उतारा प्रसिद्ध करतात. तुमच्याकडे एकच तास असेल तर तो अग्रलेखावर न घालवता या उताऱ्यावर घालवा.

एक उदाहरण जरा जवळून बघू. १ एप्रिल २०१६, न्यूयॉर्कची प्रायमरी १९ तारखेला. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी लढणारे बर्नी सँडर्स 'डेली न्यूज'च्या संपादकीय मंडळासमोर बसले. मोठ्या बँकांचे लहान तुकडे करायचे हा त्यांच्या प्रचाराचा कणा. मंडळाने विचारलं, तुकडे करणार म्हणजे नेमकं कोणत्या कायद्याने, कोणाच्या अधिकारात? सँडर्स यांची उत्तरं चाचपडत गेली. पुढे कोणीतरी सहज विचारलं, आज न्यूयॉर्कच्या सबवेत बसायचं तर काय करता? सँडर्स ब्रुकलिनमध्ये वाढलेले, त्यांनी सांगितलं की टोकन घ्यायचं. टोकन २००३ मध्येच बंद झालं होतं. उतारा ४ एप्रिलला छापून आला आणि क्लिंटन यांच्या प्रचारकांनी तो उचलून धरला. पेपरने पाठिंबा क्लिंटन यांना दिला, आणि राज्यही त्यांनीच जिंकलं.

आता यातलं टोकनचं प्रकरण हे गंमतीचं आहे, त्यावरून मत ठरवू नये. बँकांचा भाग मात्र पूर्ण वाचावा. काही अर्थतज्ज्ञांनी नंतर म्हटलं की सँडर्स मुळात फारसं चुकीचं बोलले नव्हते, प्रश्न विचारणाऱ्यांचाच गोंधळ होता. उतारा समोर असला की दोन्ही बाजूंचं म्हणणं स्वतः पडताळता येतं. मथळ्यावरून ते कधीच कळत नाही.

अशा खोल्यांत आणखी बरंच घडलेलं आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये 'मिलवॉकी जर्नल सेंटिनल'च्या मंडळाने रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतल्या हर्मन केन यांना लिबियाबद्दल ओबामांच्या धोरणाशी सहमत आहात का असं विचारलं, आणि केन बराच वेळ नुसतेच छताकडे-टेबलाकडे बघत राहिले. ती चित्रफीत देशभर गाजली. जानेवारी २००८ मध्ये बराक ओबामा नेवाडात 'रीनो गॅझेट-जर्नल'समोर म्हणाले की रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी देशाची दिशा जशी बदलली तशी निक्सन किंवा बिल क्लिंटन यांनी बदलली नाही. डेमोक्रॅटिक प्रायमरीत रेगनचं नाव असं घेणं म्हणजे आगीत तेल. हिलरी क्लिंटन आणि जॉन एडवर्ड्स हे दोघे प्रतिस्पर्धी तुटून पडले. त्याच वर्षी २३ मे रोजी साउथ डकोटातल्या सू फॉल्स इथे 'आर्गस लीडर'च्या मंडळापुढे हिलरी क्लिंटन यांनी शर्यतीत का टिकून आहोत हे सांगताना १९६८ च्या जूनमध्ये, अशाच शर्यतीत असताना झालेल्या रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येचा उल्लेख केला, आणि त्याच दिवशी त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या तिन्ही प्रसंगांत पेपर कोणाच्या बाजूने उभा राहिला हे आज कोणाच्या लक्षात नाही.

२०२० ची गोष्ट तर याहून मजेदार. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, सगळ्यांचे उतारे प्रसिद्ध केले आणि १९ जानेवारीला निर्णय टीव्हीवरच्या कार्यक्रमात जाहीर केला. जो बायडन यांना पाठिंबा मिळाला नाही. पण मुलाखतीला वर जाताना लिफ्टमधल्या सुरक्षारक्षक बाई त्यांना मनापासून "मला तुम्ही फार आवडता" म्हणाल्या, दोघांनी एकत्र फोटो काढला, आणि ती छोटी चित्रफीत देशभर फिरली. ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात बायडन यांचं नाव अध्यक्षपदासाठी औपचारिकपणे सुचवण्याचा पहिला मान त्याच बाईंना दिला गेला.

पायरी ४: पेपरचा स्वभाव ओळखा

'युनियन लीडर'चं उदाहरण पुरे. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरचा हा पेपर १९४६ पासून १९८१ पर्यंत विल्यम लोब यांच्या हातात होता. कडवे परंपरावादी, पहिल्या पानावर अग्रलेख, आणि भाषा अशी की आपल्या 'सामना'च्या वाचकाला घरच्यासारखं वाटावं. फेब्रुवारी १९७२ मध्ये डेमोक्रॅट्सचे आघाडीचे उमेदवार एडमंड मस्की या पेपरच्या कचेरीसमोर, पडत्या बर्फात, उघड्या ट्रकवर उभे राहून लोब यांच्यावर बरसले. पेपरने त्यांच्या पत्नीबद्दल छापलेल्या मजकुराने ते भडकले होते. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. ते रडले असं बातमीदारांनी लिहिलं, गालावर वितळलेला बर्फ होता असं मस्कींचं म्हणणं. राज्य त्यांनी ४६ टक्के मतांनी जिंकलं, पण अपेक्षेहून कमी, आणि तिथून त्यांची घसरण सुरू झाली. पेपरने विरोध केला तर काय होऊ शकतं याचं हे टोक.

पाठिंब्याचा हिशोब मात्र संमिश्र आहे. याच पेपरने १९९६ मध्ये पॅट ब्यूकॅनन यांना उचलून धरलं आणि ते न्यू हॅम्पशायर जिंकले. २०१२ साठी न्यूट गिंग्रिच यांना धरलं आणि त्यांना जेमतेम ९ टक्के मतं पडली. २०१६ साठी ख्रिस क्रिस्टी यांना धरलं, ते सहावे आले आणि दुसऱ्याच दिवशी शर्यत सोडून बसले. पंधरवड्यात क्रिस्टींनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, तेव्हा प्रकाशक जो मॅक्वेड यांनी 'आमचं साफ चुकलं' अशा अर्थाचं लिहून आपला पाठिंबा जाहीरपणे मागे घेतला. २०२४ मध्ये निकी हेली. राज्य ट्रम्प यांनी जिंकलं.

नव्या वाचकाने काय करावं? त्या पेपरने मागच्या तीन-चार निवडणुकांत कोणाला पाठिंबा दिला हे शोधावं आणि या वेळचं नाव त्या रांगेत बसतं का ते बघावं. बसत असेल तर त्यात बातमी फारशी नाही. बसत नसेल तर अग्रलेख दोनदा वाचावा. चुन-फांग चियांग आणि ब्रायन नाइट या अर्थशास्त्रज्ञांनी २००० आणि २००४ च्या निवडणुका तपासून २०११ मध्ये हेच मांडलं: पेपरचा कल सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून कलाप्रमाणे आलेल्या पाठिंब्याचा परिणाम थोडा, कलाविरुद्ध आलेल्याचा जास्त. त्यांचा अभ्यास मुख्य निवडणुकीचा होता. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे 'कल' ओळखणं अवघड जातं. तिथे पक्षातला कोणता गट पेपरला भावतो ते बघायचं.

पायरी ५: न निवडलेल्यांचे परिच्छेद आधी वाचा

अग्रलेखाची सुरुवात बहुतेकदा सोडून दिली तरी चालते. 'देश एका वळणावर उभा आहे' छापाची दोन वाक्यं तिथे असतातच. मधल्या भागात इतर उमेदवारांवर एकेक परिच्छेद असतो आणि पेपरचं खरं ज्ञान तिथे उतरलेलं असतं, विशेषतः उमेदवार त्याच गावचा असेल तर. जानेवारी २००८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रिपब्लिकनांमधून जॉन मॅकेन यांना पाठिंबा दिला. पण त्या अग्रलेखात लक्षात राहिलं ते शहराचेच माजी महापौर रुडी जुलियानी यांना दिलेला घरचा आहेर. त्यांच्या सूडबुद्धीबद्दल आणि लपवाछपवीबद्दल पेपरने काहीही हातचं राखलं नाही. वर्षानुवर्षं ज्या महापौराची कारकीर्द रोज छापली, त्याच्याबद्दल हा पेपर बोलतो तेव्हा तो त्याला जवळून ओळखून बोलतो. चार दिवसांनी फ्लोरिडात जुलियानी तिसरे आले आणि बाहेर पडले, अर्थात त्याची कारणं वेगळी होती.

त्याच्या महिनाभर आधी 'कॉन्कॉर्ड मॉनिटर' या न्यू हॅम्पशायरच्या पेपरने उलटाच प्रयोग केला होता. कोणाला मत द्यावं हे सांगण्याआधी त्यांनी कोणाला देऊ नये हे सांगितलं: शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉमनी. मला हा प्रकार नेहमीच्या पाठिंब्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. पायलीचे पन्नास उमेदवार असताना 'हाच सर्वोत्तम' सिद्ध करणं कठीण. 'हा नको' याची कारणं मात्र नेमकी देता येतात.

दोन नावांचा पाठिंबा दिसला तर जरा सावध व्हा. २०२० मध्ये टाइम्सने एवढा गाजावाजा करून शेवटी एलिझाबेथ वॉरन आणि एमी क्लोबुशार अशी दोन नावं जाहीर केली, एक पुरोगामी गटातली आणि एक मध्यममार्गी. मतदाराला मत एकच असतं. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा सल्ला त्याच्या काय कामाचा?

पायरी ६: तारीख तपासा

हे दोन मिनिटांचं काम, पण चुकतं इथेच. प्रायमरीचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन जूनपर्यंत चालतो आणि उमेदवार मध्येच गळतात. २०२० मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'ने क्लोबुशार यांना पाठिंबा दिला. कॅलिफोर्नियाचं मतदान ३ मार्चला होतं आणि क्लोबुशार २ मार्चला बाहेर पडल्या. तोपर्यंत टपालाने त्यांच्या नावाची मतपत्रिका भरून पाठवलेल्यांचं मत वाया गेलं. मतपत्रिकेवरची नावं छापून झालेली असतात, ती पुसली जात नाहीत. टपाली मतपत्रिका घरी आली असेल आणि शर्यत चुरशीची असेल, तर ती शेवटच्या आठवड्यापर्यंत हातात ठेवा. मात्र टपालाची अंतिम मुदत आधी बघून घ्या. काही राज्यांत मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का चालतो, काहींत मतपत्रिका त्या दिवशी पोहोचलेली लागते.

दुसरी चूक म्हणजे प्रचाराच्या पत्रकात छापलेलं पेपरचं वाक्य. घरी टपालाने येणाऱ्या चकचकीत कार्डावर अवतरणचिन्हांत कौतुक असतं आणि खाली पेपरचं नाव. ते वाक्य याच निवडणुकीचं आहे की चार वर्षांपूर्वीचं, अग्रलेखातलं आहे की वाचकांच्या पत्रव्यवहारातलं, हे पेपरच्या संकेतस्थळावर जाऊन बघा.

पायरी ७: याला भाकीत समजू नका

'डे मॉइन रजिस्टर'चा हिशोब मांडला की हे पटतं. २००४ मध्ये त्यांनी जॉन एडवर्ड्स यांना पाठिंबा दिला. तोवर मागे पडलेले एडवर्ड्स आठवड्याभरात ३२ टक्के मतं घेऊन दुसरे आले. पेपरच्या पाठिंब्याने हवा बदलते म्हणणारे आजही हेच उदाहरण देतात. पण २००८ मध्ये रजिस्टरच्या हिलरी क्लिंटन आयोवात तिसऱ्या आल्या. २०१६ मध्ये त्यांचे रुबिओ तिसरे, क्लिंटन मात्र निसटत्या फरकाने पहिल्या. २०२० मध्ये वॉरन तिसऱ्या. एडवर्ड्स यांच्याबाबत जे घडलं ते अनोळखी पण चांगल्या उमेदवाराकडे लोकांचं लक्ष वळवण्याचं काम होतं. ज्याला सगळे ओळखतात त्याच्या बाबतीत पेपरच्या हातात तेवढं उरत नाही.

माणसांचा पाठिंबा कधीकधी पेपरपेक्षा कितीतरी भारी पडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहराच्या 'द स्टेट'ने पीट बुटिजिज यांना पाठिंबा दिला. तीनच दिवसांनी काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकन संसदेतले, तिथले सदस्य जिम क्लायबर्न यांनी बायडन यांचं नाव घेतलं. २९ तारखेला बायडन निम्म्याच्या आसपास मतं घेऊन जिंकले आणि बुटिजिज दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. राज्यातल्या कृष्णवर्णीय मतदारांशी क्लायबर्न यांचं जे नातं आहे, ते त्या अग्रलेखाला कुठून येणार?

पायरी ८: पेपर मूग गिळून बसला तर

हे आता वाढत चाललंय. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने १९२८ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांच्यानंतर अध्यक्षपदासाठी कोणालाच पाठिंबा दिलेला नाही. 'लॉस एंजेलिस टाइम्स' १९७२ नंतर थेट २००८ च्या प्रायमरीत पुन्हा बोलायला लागला. २०२२ मध्ये ऑल्डन ग्लोबल कॅपिटल या गुंतवणूक संस्थेच्या मालकीच्या पेपरांनी, त्यात 'शिकागो ट्रिब्यून' आणि 'डेन्व्हर पोस्ट'सुद्धा आले, अध्यक्ष, गव्हर्नर आणि सिनेट या पदांसाठी पाठिंबा देणंच थांबवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुख्य निवडणुकीच्या तोंडावर, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने पाठिंबा देणार नाही असं जाहीर केलं, आणि मालक जेफ बेझोस यांच्यावर चिडून अडीच लाखांहून जास्त वर्गणीदारांनी पेपर बंद केला. त्याच सुमारास 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या मालकांनी तयार होत असलेला पाठिंबा अडवला आणि मतपानांच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

पाठिंबा न देण्यात तत्त्व असू शकतं, पण ते पेपरने आधी जाहीर करून सगळ्या निवडणुकांना लावलं पाहिजे. मतदानाला दहा-बारा दिवस उरले असताना आठवलेलं तत्त्व म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

तुमच्या गावच्या पेपरने लिहिणं सोडलं असेल तर लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेची प्रश्नावली बघा. ती संस्था कोणाला पाठिंबा देत नाही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न पाठवते आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी छापते. कोरी सोडलेली उत्तरंही बरंच सांगून जातात.

पायरी ९: मतपत्रिकेच्या खालच्या भागाला पेपर वापरा

अध्यक्षपदाच्या उमेदवारांबद्दल तुम्हाला पेपरने सांगण्याआधीच पुष्कळ माहीत असतं. पण काही राज्यांत त्याच मतपत्रिकेवर काँग्रेस, राज्याचं विधिमंडळ, न्यायाधीश, असल्या पदांचीही प्रायमरी असते. ती नावं बघून भलेभले गांगरतात. इथे स्थानिक पेपरचा अग्रलेख सोन्याच्या मोलाचा, कारण त्या उमेदवारांना समोर बसवून प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नसतंच. शिवाय एकाच पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या ठिकाणी प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची मुख्य निवडणूक हा उपचार उरतो. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी हरले, तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत मतं विभागली गेली आणि ते तीसहून कमी टक्क्यांवर जिंकले. वॉशिंग्टनचा रस्ता तिथेच ठरला.

मतदानाआधी आठ-दहा दिवस नमुना मतपत्रिका काढा. जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती मिळते. ज्या पदांबद्दल तुमचं मत पक्कं आहे त्यांवर खूण करा, उरलेल्यांसाठी स्थानिक पेपर उघडा, आणि शक्य असेल तिथे एकाऐवजी दोन पेपर. दोघांचं जुळत असेल तर पुढे जा, जुळत नसेल तर तेवढ्या पदापुरती मुलाखत वाचा. काहीच पटलं नाही तर ते पद कोरं सोडा, त्याने बाकीची मतपत्रिका बाद होत नाही. शेवटी सगळं कागदावर उतरवून घ्या. फोनमध्ये ठेवून चालणार नाही: टेक्ससमध्ये मतदान कक्षापासून १०० फुटांच्या आत फोन वापरायलाच बंदी आहे, इतर राज्यांचे नियम वेगवेगळे. कागद घडी करून खिशात असू द्या, रांगेत कोणाला दाखवू नका, आणि निघताना तो मतदान कक्षात विसरू नका.